घरात घेतलेली मुलाखत

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा लेख परत आला. एका मोठ्या मासिकाकडे पाठवला होता. त्यांनी सात महिने दाबून ठेवला आणि आज परत.

इस्त्रीचे कपडे ठेवायला तिच्या खोलीत गेलो, तर ती कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात तोंडावर धरून बसलेली. काय झालं विचारलं. "परत पाठवलाय, बाबा. चार पानं चुका काढल्यात." एवढंच. मग म्हणाली, "आत्ता नको, गाईडबाईंना फोन करायचाय." दार लावून घेतलं.

चार पानं! मी सातवीत शाळा सोडली, पण माझ्याही वहीत कुणी कधी चार पानं चुका काढल्या नाहीत.

बायको म्हणाली, "तिचं ती बघेल. तुम्ही जेवून घ्या." जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून काढलं की छातीतली धडधड कमी होते असं डॉक्टर म्हणाले होते. होत नाही. तरी लिहितो.

लेकीची एवढी चांगली नोकरी होती. ऑडिटच्या ऑफिसात स्वतःची केबिन, काचेच्या दारावर नाव. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासायला जायची, गाडी न्यायला यायची. पाच वर्षांपूर्वी एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "सोडली. आता हिशेब तपासणार नाही, हिशेब तपासणाऱ्यांना तपासणार." मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. अकौंटिंगमध्ये पीएचडी, आणि मग कॉलेजात प्राध्यापक. तेव्हा तेहतीस वर्षांची होती. आता अडतीस झाली. तासावर शिकवते, तास रद्द झाला की तो दिवस फुकट.

तिचा विषय मला तिनेच समजावला होता. एकच ऑडिटर एकाच कंपनीत वर्षानुवर्षे जात राहिला, तर त्याची नजर मरते का? मी म्हटलं, मरते. त्यासाठी पाच वर्षं कशाला? हसली होती. "मरते हे सगळ्यांना माहीत आहे, बाबा. सिद्ध कुणी करत नाही."

पदवी हवी आणि चांगल्या मासिकात छापलेला एक लेख हवा, तरच कायमची जागा. आणि लेख तर परत आला.

दार अजून बंदच असतं. आतून नुसता टकटक आवाज.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. मोठ्या साहेबांकडे जायचं. तिच्या जुन्या ऑफिसचे मालक. माणूस चांगला आहे, ती तिथे होती तेव्हा बायकोच्या ऑपरेशनला फुलं पाठवली होती. हात जोडून म्हणायचं, परत घ्या. पोरीला सांगायचं नाही. बायकोलाही नाही. ती म्हणते, "तुमची जीभ म्हणजे वॉशर गेलेला नळ."

कोट काढून इस्त्री करून ठेवला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊन आलो. काम झालं असं वाटतंय.

साहेब स्वतः बाहेर आले, आत घेऊन गेले. मऊ खुर्ची, चहा. त्यांच्या कोटाच्या कोपरावर चकाकी आली होती. मध्ये ओलं फडकं न धरता गरम इस्त्री फिरवली की असं होतं. चाळीस वर्षं लाँड्रीत काढली, दिसतंच. बोललो नाही.

"तुमच्या मुलीसारखी माणसं आता मिळत नाहीत," म्हणाले. मी म्हटलं, मग परत घ्या. ते हसले. "तिनं पाठवलंय का तुम्हाला?" म्हटलं, छे, तिला पत्ताही नाही. लेख बुडाला तिचा, चार पानं चुका निघाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

मग विचारलं, "इथल्या कुणाशी बोलणं असतं का अजून?" मला वाटलं, आपल्या पोरीची आठवण ऑफिसात अजून आहे हे साहेबांना कळू दे. म्हटलं, असतं तर! तुमच्याकडचा तो उंच, ज्याला सगळे जिराफ म्हणतात, गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी येऊन दोन तास बसला होता. समोर रेकॉर्डर ठेवून बोलत होता. मीच चहा नेला.

साहेबांनी कप खाली ठेवला. "रेकॉर्डर?"

"तिच्या प्रबंधासाठी हो."

"काय सांगत होता?"

"मला काय कळतंय त्यातलं. एवढंच ऐकलं की एका कंपनीत आठ वर्षं गेलं की ती माणसं घरची वाटायला लागतात, मग प्रश्न विचारायची लाज वाटते."

"बरोबर बोलला," साहेब म्हणाले. हसले. लिफ्टपर्यंत सोडायला आले. बटणही त्यांनीच दाबलं. एवढा मान मला लाँड्रीच्या मालकानेही कधी दिला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेक केक घेऊन आली! मी म्हटलं, कशाचा? म्हणाली, "लेखाचा."

आता ऐका. चार पानं चुका ही वाईट बातमी नव्हतीच. शंभरातले नव्वद लेख ते एका ओळीत परत पाठवतात, नको म्हणून. ज्यात त्यांना दम वाटतो त्याच्याच चुका काढत बसतात. "सुधारा आणि पुन्हा पाठवा" हे उत्तर मिळालं की लोक उड्या मारतात म्हणे. गाईडबाई फोनवर ओरडल्याच होत्या.

"मग तू तोंडावर हात का धरले होतेस?"

"आनंदानं, बाबा."

आणि दार बंद होतं ते दुरुस्त्यांसाठी. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "यांनी चार दिवस सुतक पाळलं."

केक खाल्ला. आता साहेबांचा फोन आला तर? "या परत, तुमचे वडील येऊन गेले" म्हणाले तर? पोरगी काय म्हणेल?

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन वाजला की मी आधी उठतो. बायकोला संशय आलाय. "कुणाच्या फोनची वाट बघताय? या वयात?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांचा फोन नाही. विसरले असतील. मोठी माणसं विसरतात. बरंच झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन आला, पण साहेबांचा नाही. जिराफाचा. मी उचलला, तर म्हणाला, "काका, तिला द्या." आवाज कोरडा.

ती बाल्कनीत जाऊन बोलली. परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक. त्याला साहेबांनी बोलावून घेतलं होतं. तू बाहेर जाऊन काय बोललास, कुणाशी बोललास, रेकॉर्डर होता की नव्हता — सगळं त्यांना माहीत. आठ वर्षं जी कंपनी तो बघत होता ती काढून घेतली. आता फाइलींच्या खोलीत बसवलंय, दुसऱ्यांच्या प्रवासाची बिलं तपासायला. जेवायच्या सुट्टीत कुणी शेजारी बसत नाही.

लेक खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "कसं कळलं? मी बारा जणांशी बोलले. एकाचंही नाव कागदावर नाही. रेकॉर्डिंग कुलपात आहे. नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला होता मी त्याला. लिहून दिला होता."

मला कळलं कसं कळलं ते. उठून पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिने आज कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. कुणी आत शिरून चोरलं का बघायला. तो म्हणाला, काही नाही.

मग तिला वाटलं गाईडबाई कुणाशी बोलल्या असतील. त्यांना तसं विचारलं. त्या दुखावल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फोन आपटला.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

ती स्वयंपाकघरात उभी होती. मी म्हटलं, बाळ, तुझं कुलूप शाबूत आहे, कुलूप माझ्या तोंडाला नव्हतं. सगळं सांगितलं, कोट घालून गेलो तिथपासून लिफ्टच्या बटणापर्यंत.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला. म्हणाली, "तिथे गेलातच का तुम्ही?"

"तुझी नोकरी मागायला."

"मला नोकरी हवी आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच नव्हतं सांगितलं.

बायको मध्ये पडली. "अगं, बापाची माया —" लेक म्हणाली, "आई, त्या माणसाला दोन लहान मुलं आहेत." दूध उतू गेलं नाही, भांडं पडलं नाही, काही झालं नाही. ती खोलीत गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने गाईडबाईंची माफी मागितली आणि सगळं विद्यापीठाला लिहून कळवलं. स्वतःहून. संशोधनाचे नियम पाळले जातात की नाही हे बघणारी समिती असते. त्यांना कळवणं भागच असतं म्हणे. व्हायव्हा पुढच्या महिन्यात ठरला होता, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा. तो आता समिती ठरवेल, होतो की नाही.

मी म्हटलं, जिराफाच्या घरी जाऊन पाय धरून येतो. लेक म्हणाली, "बाबा, आता कुठेही जाऊ नका. मेहरबानी करा."

ती मला आधी प्रकरणं वाचून दाखवायची. "तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल," म्हणायची. आता फोन आला तरी बाल्कनीचं दार ओढून घेते. बरोबरच आहे. पण काचेतून तिचे ओठ हलताना दिसतात ते बघवत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

समितीने मलाही बोलावलंय. मला!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

घरात नवीनच पेच. मुलाखती कुठे घ्यायच्या हे तिने समितीला आधीच लिहून दिलं होतं. विद्यापीठातल्या बंद खोलीत. अकरा जणांच्या तशाच घेतल्या. जिराफाला तिथे कुणी ओळखीचं बघेल अशी भीती वाटली, म्हणून त्याची घरी. मी चहा घेऊन आत आलो, आणि सगळं घडलं ते त्यामुळे. म्हणजे मी खरं सांगितलं तर नियम तिनेच मोडला हे निघणार.

बायको म्हणाली, "सांगा ना, जिन्यात भेटला होता म्हणून. तेवढ्यानं कुणाचं काय जातंय?"

मलाही तेच वाटत होतं. जीभ एकदा नको तिथे चालली, एकदा हवी तिथे थांबू दे.

लेक शेजारच्या खोलीतून म्हणाली, "आई, नको." बाहेर आली. "मी पाच वर्षं लिहितेय की आपलं माणूस आहे म्हणून ऑडिटरनं डोळे झाकू नयेत. बाबा, जे झालं ते सांगा. चहासकट."

४ मार्च, मंगळवार

लांबट टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई प्राध्यापक, केस आखूड. मला वाटलं होतं दरडावतील. त्यांनी आधी विचारलं, "पंखा कमी करू का?"

मग: मुलीने तुम्हाला त्यांचं नाव सांगितलं होतं का? नाही. मग कसं कळलं? घरी आले होते, मी चहा नेला. किती वेळ आत होतात? कप ठेवीपर्यंत. मग दारात थोडा थांबलो. का थांबलात? 

मी म्हटलं, बाई, पोरगी इतके छान प्रश्न विचारत होती की ऐकत उभा राहिलो.

कडेचा तरुण खाली बघून लिहीत होता. त्याची लेखणी थांबली. बाई म्हणाल्या, "ठीक आहे."

ठीक म्हणजे काय? बरं की वाईट? बाहेर आल्यावर लेकीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१० मार्च, सोमवार

निकाल. व्हायव्हा होणार. पण जिराफाची मुलाखत प्रबंधातून पूर्ण काढायची, एक ओळही ठेवायची नाही. आणि का काढली ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

बायको म्हणाली, "सुटलो." लेक म्हणाली, "त्या प्रकरणात तोच एक होता, आई. बाकीचे दुसऱ्यांबद्दल बोलले. तो स्वतःबद्दल बोलला होता."

२० मार्च, गुरुवार

उद्या व्हायव्हा. खुला असतो. दारावर कागद लावतात आणि कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्नही विचारू शकतं. कुणीही! म्हणजे मोठे साहेबही. ते उठून उभे राहिले तर?

तिची निळी साडी इस्त्री केली. ओलं फडकं धरून. दोनदा केली. ती म्हणाली, "तुम्ही या हं उद्या." मला वाटलं नको म्हणेल.

२१ मार्च, शुक्रवार

शेवटच्या रांगेत बसलो, दार दिसेल असा. दार उघडलं की मान तिकडे. एकदा एक म्हातारा आला, चुकीची खोली म्हणून परत गेला. एकदा चहावाला. साहेब आले नाहीत. मी सगळा वेळ दाराकडेच बघत होतो आणि त्यामुळे तिचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. शिक्षा बरोबर मिळाली.

बाहेरून आलेले परीक्षक, सर्दी झालेले, रुमाल हातातच. आवाज हळू. पण सुई कुठे टोचायची ते बरोबर ठाऊक. म्हणाले, "आकडे तुम्ही छान मांडलेत. ऑडिटर जुना होत जातो तशा त्याने दाखवलेल्या चुका कमी होत जातात. पण मी म्हणेन, कंपनीच सुधारली असेल. नजर मेली, हे तुम्ही कशावरून म्हणता? आतून सांगणारा माणूस कुठे आहे?"

ती म्हणाली, "होता, सर. त्याची मुलाखत काढावी लागली. मी ती घरी घेतली, घ्यायला नको होती. त्याचं नाव बाहेर गेलं आणि त्याचं नुकसान झालं. चूक माझी."

माझी म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

आम्हाला बाहेर बसवलं. पुन्हा आत बोलावलं. पदवी आज नाही. ते प्रकरण सहा महिन्यांत नव्याने लिहायचं, ठोस आधार आणायचा, मग बघू. कॉलेजातली कायमची जागा जूनमध्ये भरणार आहेत. सहा महिने कोण थांबतंय.

गाईडबाई जिन्यात तिला म्हणाल्या, "कुणीतरी दुसरा शोधू." ती म्हणाली, "स्वतःबद्दल असं कोण बोलतं, बाई?"

२४ मार्च, सोमवार

ती तासाला गेली. रोजच्यासारखी. मुलं थांबत नाहीत म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार

नवीन माणसं शोधतेय. चार जणांनी नाही म्हणून कळवलं. एकाने लिहिलं, "तुमच्याशी बोलून जिराफाचं काय झालं ते ऐकलंय." ते वाचून तिने कॉम्प्युटर मिटला आणि भाजी निवडायला बसली. मी समोर बसून निवडू लागलो. मग ती म्हणाली, "बाबा, देठ टाकताय की पानं?" मी पानं टाकत होतो.

हसली. थोडीशीच. पण हसली.

२२ एप्रिल, मंगळवार

आज अठ्ठाविसावा "नाही". मी मोजत नव्हतो, बायको मोजतेय.

लेक म्हणाली, जूनची जागा हातची गेली असं धरून चाला. ऑडिटच्या ऑफिसांत कुठे जागा आहे का बघेन. मी ऐकून घेतलं. माझ्याच तोंडचं वाक्य तिच्या तोंडून. दुपारभर पडून होतो. झोप नाही.

६ मे, मंगळवार

जिराफ आला. मी खाली पायरीवर बसलो होतो, समोर येऊन उभा राहिला. त्याला वर बोलावलं नाही. म्हटलं, ती विद्यापीठात आहे, जे बोलायचं ते तिकडे बंद खोलीत बोला, मला काही सांगू नका.

तो म्हणाला, "आता झाकण्यासारखं काही राहिलं नाही, काका. आजचा पेपर वाचा." माझ्याशेजारी पायरीवर बसला, गुडघे कानापर्यंत आले. साहेबांनी त्याची कंपनी काढून एका नव्या मुलीला दिली होती. ती पहिल्याच महिन्यात म्हणाली, मला गोदाम बघायचंय. तिथे गेली तर नुसतं कुंपण आणि आत गवत. जिराफाने त्या गोदामातल्या मालावर आठ वर्षं सही केली होती. एकदाही गोदाम दाखवा म्हटलं नव्हतं.

तो उठला, पँट झटकली.

"तिला म्हणावं, माझी मुलाखत परत घाला," म्हणाला. "आणि या वेळी माझ्या नावासकट."